हातभर पाणी राखून

१

विहिरीच्या जाळीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असे. यात विशेष काही नाही. पण माझे वडील याच विहिरीपासून लांब उभे राहून, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून वाट बघत, हे लक्षात घेतलं तर किल्लीचं वजन जरा वाढतं. छप्पन्न साली आम्ही धर्म बदलला. विहिरीने आपले नियम बदलायला आणखी काही वर्षं घेतली. दगडी कामाला वेळ लागतोच. पुढे तालमीच्या मंडळाने विहीर समिती काढली, समितीला सभांचं टिपण लिहायला माणूस हवा होता आणि अख्ख्या गल्लीत सरळ ओळीत लिहिणारा मी एकटाच निघालो. समतेची पहाट आमच्या गल्लीत अशी कारकुनी कारणाने उगवली.

मी भूजलाच्या कचेरीतला निवृत्त कारकून. नोकरीची शेवटची बारा वर्षं वेंगुर्ल्याकडे, किनाऱ्यावर गेली. तिथं लोकांना विहिरी सांभाळायला सांगणं हे आमचं काम. शौचखड्डा विहिरीपासून लांब घ्या, कोळंबीच्या तळ्याचं पाणी जमिनीत मुरू देऊ नका, पंप फार वेळ चालवू नका. अशा सूचना मी इतक्या वेळा लिहिल्या आहेत की झोपेतही न चुकता सांगेन. लोक त्या वाचत आणि पंप चालू करत.

निवृत्तीनंतर कोल्हापुरात परत आलो. दुसऱ्या वर्षी बायको अंजना गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दवाखान्यात जाताना रिक्षात आम्ही दोघं होतो, येताना मी एकटा होतो.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात मुलगी क्रांती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच सुमारास आमच्या भागात कावीळ सुरू झाली. नळाला कुठून तरी गटार लागलं होतं; कुठून, ते कुणाला सापडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हिला या दिवसांत कावीळ झाली तर माझ्या हातात काही राहणार नाही. बाळाचं नाही आणि हिचंही नाही. पाण्याचं तेवढं बघा."

पाण्याचं बघणं एवढीच एक गोष्ट मला येत होती.

तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढायचं, क्रांतीपुरती एक घागर शेंदायची, कुलूप लावायचं. मी स्वतः नळाचंच पाणी उकळून पीत होतो. एक तर दोन घागरी ओढायला खांदा साथ देत नव्हता. दुसरं, माझ्या वयाला कावीळ ही केवळ औपचारिकता होती.

२

गल्लीनेही नळ सोडून विहीर धरली. मग तालमीचा अध्यक्ष जोतीराम याच्या डोक्यात आलं की एवढे लोक पितात तर विहीर उपसून स्वच्छ केली पाहिजे. जोतीराम मनाने चांगला. पण कामाचा फोटो पेपरात आला नाही तर काम झालंच नाही, असं मानणारा. तालमीत सभा भरली. तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास, भिंतीला जुने पैलवान, मधे आम्ही सतरंजीवर.

"वैशाखातच उपसा काढूया," जोतीराम म्हणाला. "पार तळापातूर. तळ असा झाडून घ्यायचा, की त्यावर जेवायला बसावं मानसानं."

मी सवयीने म्हणालो, "हातभर पाणी राखा. तळ कोरडा करू नका."

"का हो साहेब?"

मी किनाऱ्यावरची गोष्ट सांगितली. तिकडे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. गोड्याच्या वजनाने खारं दाबून राहतं. वरचं उपसत गेलं की खालचं वर चढतं, आणि एकदा विहिरीत चढलेला समुद्र परत घालवायला पिढ्या जातात. म्हणून तिकडे गाळ काढतानासुद्धा हातभर पाणी राखतात.

जोतीरामने हात जोडले. "साहेब, जोतिबाच्या डोंगरावर चढून बी हितनं समुद्र दिसत न्हाय. आमचा रंकाळा तेवढा हाय. त्याला भरती येती ती रविवारी, भेळ खायाला!"

सगळे हसले. मीही हसलो. बोलणं बरोबरच होतं. मधे अख्खा सह्याद्री, शिवाय आपण समुद्रापासून इतके उंचावर, आणि विहीर काळ्या दगडातली. किनाऱ्याचा नियम इथं लावणं म्हणजे छत्री उघडून माजघरात बसणं. मी टिपण लिहिलं: विहीर तळापर्यंत कोरडी करून साफ करावी, सर्वानुमते मंजूर. सर्वांमध्ये मी होतो.

३

उपसायला आकाराम आला. विहिरी उपसणं हा त्याचा धंदा. अंगाने काटक, बोलायला कमी. त्याने मोटर लावली, नारळ ठेवला. नारळ फोडण्यावर माझा विश्वास नाही म्हणून मी तेवढ्यापुरता बाजूला उभा राहिलो. मोटर सकाळपासून दुपारपर्यंत भकभकत राहिली आणि गल्लीच्या गटारातून त्या उन्हाळ्यात प्रथमच स्वच्छ पाणी वाहिलं.

गाळात गल्लीचा इतिहास निघाला. पितळी तांबे, चपला, एक वजनकाटा, गेल्या वर्षीचे गणपती आणि निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचे बिल्ले. शेजारच्या आक्का कठड्यावर वाकून आपला हरवलेला तांब्या ओळखत होत्या. आक्का म्हणजे गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. त्यांनी ओळखलेला तांब्या कुणाचाही असला तरी त्यांचाच.

शेवटी तळाशी हातभर पाणी राहिलं. आकारामने खालून ओरडून विचारलं, "ऱ्हाऊ दे का एवढं?"

जोतीरामने कॅमेरेवाल्याकडे पाहिलं. "काढ की. वल्ला तळ फोटूत काय दिसनार?"

ते पाणी निघालं. मोटर कोरडी खोकली आणि बंद पडली. थोड्या वेळाने आकाराम दोरावरून वर आला आणि कठड्यावर बसून पाय पुसायला लागला. पाय पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"लागला का तळ?" मी विचारलं.

"तळ हाय, पर ऱ्हात न्हाय."

"म्हणजे?"

"वाळू हाय साहेब. उभं ऱ्हायलं की पायाखालनं वडून न्हेतीया. मागं मागं."

"कुनाच्या तरी बांधकामाची पडली आसंल," जोतीराम म्हणाला, आणि फोटोसाठी आकारामच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला.

लाट परत जाताना किनाऱ्यावर उभं राहिलं की टाचेखालची वाळू अशीच सरकते. मी बारा वर्षं संध्याकाळी तिथं उभा राहिलो आहे. पायाला ते ओळखीचं होतं. चिखलातही असं होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मी कधी विहिरीच्या तळाशी उतरलेलो नाही.

४

सांज व्हायच्या आत विहीर भरली. आधी होती त्याच्याही वर, वरच्या पायरीपर्यंत. पाणी नितळ, काचेसारखं. जोतीरामने पेढे वाटले.

मी पाण्याला जीभ लावली. गोडं. तरी एक बाटली भरून ओळखीच्या तपासनिसाकडे दिली. त्याचा निरोप आला: पिण्यास उत्तम, क्षार नगण्य. मला बरं वाटलं. शास्त्र आपल्या बाजूने असलं की माणसाला झोप लागते.

गल्लीतली कावीळ थांबली. क्रांतीचे डोळे पांढरेशुभ्र राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कुठलं पिता तेच चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. पाणी सकाळी वरच्या पायरीला असलं तर दुपारी चार पायऱ्या खाली जाई, संध्याकाळी परत वर. पंप कुणी लावत नव्हतं. मी म्हटलं, पलीकडच्या गल्लीत कुणाची तरी कूपनलिका असेल. पण कूपनलिका ठरल्या वेळी चालते. हे पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा उतरायचं आणि थोडं उशिरा चढायचं. वेंगुर्ल्याला कोळी मंडळी याच उशिरावर होड्या काढतात.

कुणाला हे सांगणार? कारकुनाने निवृत्तीनंतर भ्रमिष्ट व्हावं ही तशी रूढच आहे. मला त्यात भर घालायची नव्हती.

५

पहिल्यांदा आमटीत मीठ नव्हतं.

"क्रांती, मीठ विसरलीस."

तिने चाखून पाहिलं. "नाही की बाबा. बेतशीर झालंय."

दुसऱ्या दिवशी भाजीत नव्हतं, तिसऱ्या दिवशी भाकरीतही नाही. गरोदर बाईच्या खोड्या म्हणून मी वरून मीठ घेऊ लागलो. मग आक्कांनी वाटीभर तांबडा रस्सा पाठवला. वर तेलाचा तवंग, तिखटाने कान बंद होतील असा, आणि मीठ शून्य. कोल्हापुरात एक वेळ माणूस माणुसकी विसरेल, रश्श्यातलं मीठ विसरणार नाही.

मी वाटी परत द्यायला गेलो. "आक्का, रश्श्यात मीठ नव्हतं."

"आता गं बया! भाऊसो, जिभंला काय झालंय तुमच्या? समद्यांनी खाल्लं, कुनी न्हाय बोललं."

"किती घातलं होतंत?"

"घालायचं कशाला? हायच की ते..." त्या बोलल्या आणि थांबल्या.

त्या आठवत असतील म्हणून मी वाट पाहिली. आक्का पदराचं टोक हातात धरून उभ्या होत्या. डोळे उघडे, माझ्याकडेच बघत, पण त्यात मी नव्हतो. पापणी हलत नव्हती. त्यांच्या मागे चुलीवर दूध उतू गेलं. बाहेर गल्लीत बघितलं तर समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात सुपात तसेच होते. तालमीच्या दारात जोतीराम एका पायात चप्पल घालून उभा होता. कावळा ओरडला, तेवढाच आवाज.

मग विहिरीकडून एक लांब उसासा आला, मोठं जनावर कूस बदलतं तसा.

"...पान्यातच," आक्का म्हणाल्या. "अगं माझं दूध!"

मी घरी परतताना विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी खालच्या पायरीला टेकून नुकतंच वर चढू लागलं होतं.

तुम्ही म्हणाल, ऊन लागलं असेल. मीही तेच म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी, थोड्या उशिराने, मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसलो. विहिरीचं न पिणारा गल्लीत मी एकटाच होतो, आणि थांबलेल्यांच्यात हलणाराही मी एकटाच. कुणाला काही आठवत नसे. जो शब्द तुटला त्याच्या पुढचा शब्द उचलून सगळे चालू लागत.

क्रांतीही थांबत असे. विणकामाची सुई वर धरलेली, ओठ किंचित उघडे. मी तिच्या पोटाकडे बघत बसे. तिथंही काही हलत नसे.

६

एकदा तीच हसत म्हणाली, "बाबा, हे आतलं मोठं शिस्तीचं आहे. ठरल्या वेळी लाथा मारतं, आणि रोज थोडा उशीर करतं. तुमच्या हाफिसासारखं."

मी तिला त्याच दिवशी कुरुंदवाडला तिच्या सासरी पाठवलं. कारण काय सांगू? सासूबाईंना वाईट वाटेल, असं म्हणालो. सासूबाईंना ते पटलं नाही, पण जावई येऊन घेऊन गेले. तिकडचं पाणी वेगळं, गाव वेगळं. मी निवांत झालो.

दोन दिवसांनी सकाळी शेजारच्या दुकानात तिचा फोन आला. दुकानाच्या पायरीवरून विहीर सरळ दिसते. "बाबा, काल संध्याकाळी लई वेळ हललंच नाही. मी घाबरले. आत्ता उठलंय बघा, आत्ता ह्या मिनिटाला."

मी रिसीव्हर कानाला धरून विहिरीकडे पाहिलं. उजाडल्यापासून तिथं नुसती अंधारी पोकळी दिसत होती. आता पाणी वरच्या पायरीवर चढत होतं, उन्हात चमकलं.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की. ठोके चांगले आहेत म्हणाले. पण ते बघतात तेव्हा हे जागं असतं."

ती परत आली. लांब ठेवून काही उपयोग नव्हता, मग निदान डोळ्यांसमोर. रोजचं थांबणं लांबत चाललं होतं. मोठी माणसं त्यातून बाहेर येत. खोकत, पाणी मागत. पोटातल्या जिवाला किती थांबणं झेपतं, हे मला ठाऊक नव्हतं, विचारायची सोयही नव्हती. दिनदर्शिका भिंतीवर होती. अमावास्या जवळ आलेली. अमावास्येला उधाणाची भरती असते हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी ओहोटीही तेवढीच खोल जाते, हे फक्त किनाऱ्यावरची माणसं लक्षात ठेवतात.

७

मला एकच उपाय माहीत होता. तोही दुसऱ्यांना लिहून दिलेला. खारं वर चढलं असेल तर विहिरीत गोडं पाणी सोडा. वजन पडलं की ते खाली बसतं.

मी टँकर बोलावला. बिद्रीकडच्या एका मळ्यातलं पाणी, गोडं. जोतीरामने डोक्याला हात लावला.

"साहेब, लोकं विहिरीतनं टँकर भरत्यात. तुमी टँकरनं विहीर भरताय? पावण्यारावळ्यांत तोंड दाखवायचं का न्हाय आमी?"

"समितीचा निर्णय आहे," मी म्हणालो.

"समितीत कोन कोन हुतं?"

"मी."

अमावास्येची संध्याकाळ, ऊन उतरलेलं. टँकरचा ड्रायव्हर नळी जोडायला पुढे आला. एवढ्यात जोतीराम बोलता बोलता थांबला. गल्लीतला एकेक आवाज विझत गेला. ड्रायव्हर बाहेरचा माणूस. तो नळी हातात घेऊन सगळ्यांकडे बघत राहिला. "काय झालं ओ पावणं ह्यास्नी?"

"नळी सोडा," मी म्हणालो, आणि आत वाकून पाहिलं.

विहीर कोरडी होती. आमच्याकडे सावली लांबली होती, पण तळाशी भर दुपारचं ऊन पडलं होतं. ते वरून पडत नव्हतं. तळाला ओली वाळू होती आणि ती विहिरीच्या दगडांपाशी संपत नव्हती. दगडांच्या खालून ती पुढे गेली होती, दूरवर, सपाट, नुकतं पाणी ओसरल्यावर असते तशी चकचकीत. वाळूवर, बरोबर माझ्या खाली, एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी, डावं. पाच-सहा वर्षांच्या पोराचं असावं एवढं. बोटं दूरच्या पाण्याकडे वळलेली. मागचं पाऊल नव्हतं, पुढचंही नव्हतं.

माझ्या अंगावरून टँकरचं पाणी विहिरीत कोसळलं. पावलात पाणी भरलं, कडा ढासळल्या.

टँकर रिकामा झाला तेव्हा तळाशी जेमतेम हातभर पाणी होतं. पण ते राहिलं. घरातून क्रांतीची हाक आली, "बाबा! अहो बाबा, काय लाथा मारतंय!" मागून आक्का कुणाच्या तरी नावाने ओरडत होत्या: पिठल्यात मीठ नाही, सुनांनी घराचं वाटोळं केलं.

मी कठड्यावर बसलो. कपडे भिजले होते. आनंद व्हायला हवा होता. तो झाला असेल. मला दिसला नाही.

८

मुलगी झाली. श्रुती. वजन चांगलं, रडणं खणखणीत. पाणी एका जागी ठरलं. पावसाळ्यानंतर नळाचं गटारही सापडलं आणि गल्ली विहीर विसरली. पुढे घरोघरी पाण्याचे जार आले. विहिरीचं आता कुणी पीत नाही. तालमीची पोरं आंघोळीला घेतात तेवढंच.

मी मात्र रोज सकाळी कुलूप काढून विहिरीत एक घागर ओतायचो. का, ते कुणाला सांगितलं नाही. आक्कांनी एकदा हटकलंच.

"काय ओ भाऊसो, तुमच्यात देवाला पानी घालत न्हाईत म्हनं. मग हे वो काय?"

"हे देवाला नाही, आक्का."

"मग कुनाला?"

"वजन टाकतोय."

संध्याकाळी त्यांनी अंगारा पाठवून दिला.

दोन हजार सात साली श्रुती उन्हाळ्याच्या सुट्टीत राहायला आली. पहिली पास. पुढचे दात पडलेले, तोंड अखंड चालू. क्रांतीने तिला पाढे पाठ करायचं काम लावून दिलं होतं. पहिल्या दिवशी ती न्हाणीतून बाहेर पळाली, आणि शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटली. डाव्या पावलाकडे मी बघत राहिलो. वाळलं तेव्हा त्याच्या कडेने पांढरी रेघ राहिली होती. मी बोट लावून चाखली.

ते माप मी ओळखलं. सहा वर्षं तिचं पाऊल त्या मापाचं होईल म्हणून वाट बघत होतो, हे तेव्हा मला कळलं.

त्याच आठवड्यात तालमीत सभा झाली. विहिरीला वास येतो, उपसली पाहिजे. मी लेखी हरकत घेतली. समितीत आता नवी पोरं होती. त्यांनी हरकत आदराने फाइल केली आणि कुलूप बदललं. काम महिनाअखेरीला ठरलं. त्याआधी टँकरची सोय करायची, बंद जाळीतूनच रोज ओतत राहायचं, असा माझा हिशेब होता.

९

आकाराम मोकळा सापडला म्हणून त्यांनी कामाला आजच हात घातला. मला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. आत श्रुती सातचा पाढा म्हणत होती, आवाज चढवून, हेल काढून. बाहेर मोटर सुरू झाली. आधी मी तिला गिरणी समजलो.

"सात चोक अठ्ठावीस. सात पंचे पस्तीस. सात..."

मी पेपर खाली ठेवला. पुढचा शब्द आला नाही.

ती खिडकीशी उभी होती. डोळे उघडे, ओठ पुढच्या शब्दासाठी गोल झालेले. छातीवर हात ठेवला. हालचाल नव्हती. अंग गार नव्हतं, पण माझ्या हाताखाली ओलसर लागलं.

मी तसाच अनवाणी विहिरीकडे धावलो आणि मोटरीचं बटण बंद केलं. जोतीरामने माझा हात हळूच बाजूला केला आणि परत चालू केलं. केस पांढरे झाले होते त्याचे, पण फोटोची हौस तशीच.

"साहेब, एवढं तळाचं ऱ्हायलंय. उनात कशाला आलाय?"

"बंद कर. पोरगी..."

"काय झालं पोरीला?"

काय झालं होतं? तिचा पाढा थांबला होता. मोटरीमुळे. मी तोंड उघडलं आणि बारा वर्षं सूचना लिहिलेल्या माणसाकडे एक वाक्य निघालं नाही. दोघा पोरांनी मला दंडाला धरून सावलीत बसवलं. प्रेमाने. कुणीतरी टोपीने वारा घातला.

त्यांचा हात सुटला तसा मी घरात गेलो. भरलेली घागर उचलली, कठड्याशी आलो आणि विहिरीत ओतली. एकीकडे मोटर उपसते आहे आणि दुसरीकडे म्हातारा ओततो आहे. पोरं हसली. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हसलोच असतो.

घराच्या खिडकीतून आवाज आला. "...सक बेचाळीस."

आणि थांबला.

मी परत गेलो. न्हाणीतली बादली आणली, ओतली.

"सात साते एकोणपन्नास."

माठ उचलत नव्हता. कळशीत जेवढं निघालं तेवढं काढून घेतलं. जोतीराम आता हसत नव्हता. तो माझ्याकडे, मग खिडकीकडे बघत होता, पण मोटरीकडे जायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. खालून आकाराम ओरडला, "ओ साहेब, वरनं काय टाकू नगा, हितं कुनीतरी..." पुढचं मोटरीत बुडालं. मी कळशी उलटी केली.

"सात आठे छप्पन्न."

स्वयंपाकघरात पितळी डबा होता, अंजनाच्या वेळचा, पिण्याचं पाणी ठेवायचा. त्यात तळाशी थोडं होतं. मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला, एक थेंब सांडू दिला नाही.

"सात नव्वे त्रेसष्ट."

नळाला पाणी सकाळीच येतं. घरातली सगळी भांडी मी पालथी घातली होती. मोटर चालू होती. पाढ्याची एकच ओळ राहिली होती.